अर्धी वाटी आईस्क्रीम

आईस्क्रीम आवडत नाही असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आवडतं पण खात नाही, असं म्हणणारे मात्र आताशा रोज भेटतात. कुणाचं वजन, कुणाची शुगर, कुणाचं कोलेस्टेरॉल. लग्नकार्यात जेवणानंतर आईस्क्रीमच्या टेबलापाशी पाच मिनिटं उभं राहून बघावं. एक जण "नको, नको" म्हणत कप उचलतो. दुसरी कप उचलते आणि पहिला चमचा तोंडात जायच्या आत "उद्या चार फेऱ्या जास्त मारायला हव्यात" म्हणते. तिसरा खरोखरच घेत नाही, पण बायकोच्या कपातले चार चमचे खातो. ते त्याच्या हिशेबात धरायचे नसतात!

चौथा प्रकार अलीकडचा. त्याला आईस्क्रीम तर हवं असतं, पण त्यात साखर नको, साय नको, कॅलरी नकोत. मग बाजार त्याच्यासाठी काहीतरी तयार करून देतो, दुप्पट किमतीला.

मी काही आहारतज्ज्ञ नाही. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पण घरात मधुमेह आहे, माझे गुडघे वजनाबद्दल रोज तक्रार करतात, आणि निवृत्तीनंतर वेळ भरपूर. त्यामुळे डब्यांच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचायची सवय लागली. त्या वाचनातून आणि घरातल्या अनुभवातून माझं जे मत झालं ते आधीच सांगून टाकते. आईस्क्रीम खायचं तर खरं खावं, थोडं खावं, माणसांत बसून खावं, आणि खाल्ल्यावर त्याबद्दल रडू नये. आणखी एक मत आहे, ते जरा कडू आहे. ते पुढे सांगेन.

आधी हिशेब करू. मास्तरणीची सवय जात नाही.

कॅलरी म्हणजे उष्णतेचं माप. मराठीत उष्मांक हा किती नेमका शब्द आहे! एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते ती आहारातली एक कॅलरी. साखरेच्या एका ग्रॅममधून चार मिळतात, चरबीच्या एका ग्रॅममधून नऊ. साधं व्हॅनिला आईस्क्रीम घेतलं तर १०० ग्रॅमला साधारण २०० कॅलरी पडतात. हा आकडा ऐकून लोक घाबरतात. पण इथे एक गंमत आहे. आपण आईस्क्रीम ग्रॅमवर घेत नाही, मिलिलिटरवर घेतो. आईस्क्रीम घुसळताना त्यात हवा भरतात. हवा नसेल तर तो बर्फाचा दगड होईल, चमचा शिरणार नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एक लिटर आईस्क्रीमचं वजन निदान ५२५ ग्रॅम भरावं लागतं. म्हणजे जवळजवळ निम्मी जागा हवेची! त्यामुळे १०० मिलिलिटरचा छोटा कप वजनाला पन्नास-साठ ग्रॅम भरतो आणि कॅलरी होतात शंभर-सव्वाशे. तूप न लावलेल्या एका मध्यम पोळीपेक्षा थोड्याच जास्त.

आता याच्या शेजारी आपल्या रोजच्या गोष्टी मांडून बघा. दिवसातून तीन कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. सपाट चमचाभर साखरेच्या २० कॅलरी धरल्या तर नुसत्या चहाच्या साखरेच्या झाल्या १२०. रोजच्या! वर्षाचे ३६५ दिवस! संध्याकाळी टीव्ही बघताना मूठभर फरसाण तोंडात टाकतो, ते १०० ग्रॅमला पाचशेच्या वर जातं. या दोन्ही गोष्टींबद्दल कुणी "आज जरा मोह झाला हो" असं म्हणताना मी ऐकलेलं नाही. चहा-फरसाण हा दिनक्रम आणि महिन्यातून दोनदा खाल्लेलं आईस्क्रीम मात्र गुन्हा. हा न्याय मला पटत नाही.

अर्थात छोट्या कपाचा हिशेब सगळीकडे लावता येत नाही, हेही सांगायला हवं. कुल्फीत हवा नसते. ती आटवलेल्या दुधाची असते, म्हणून दिसायला बोटभर असली तरी वजनाला भारी. पुण्याची मस्तानी म्हणजे तर अख्खं जेवणच. घट्ट दूध, सिरप, वर आईस्क्रीमचे गोळे, त्यावर सुकामेवा. ती एकट्याने संपवून वर "मी रात्री जेवणार नाही" असं म्हणणारे असतात, आणि रात्री साडेनऊला ताटावर हजर होतात. महागड्या डब्यातल्या आईस्क्रीममध्ये बहुधा साय जास्त आणि हवा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत कॅलरी जास्त भरतात. म्हणून कपाच्या आकाराकडे न बघता मागे वजन किती लिहिलंय आणि १०० ग्रॅमला किती कॅलरी लिहिल्यात ते बघावं. गुणाकार-भागाकार चौथीतला आहे.

मध्यंतरी व्हॉट्सॅपवर एक शोध फिरत होता. आईस्क्रीम थंड असतं, ते पोटात गरम करायला शरीराची उष्णता खर्च होते, म्हणून आईस्क्रीम खाऊन वजन घटतं. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर जवळच राहतात. त्यांच्यासमोर कागद ठेवला. १०० ग्रॅम आईस्क्रीम उणे पंधरापासून आपल्या अंगाच्या उष्णतेपर्यंत आणायला, त्यातला बर्फ वितळवण्यासकट, आठ-नऊ कॅलरी लागतात. मिळतात २००, खर्च होतात नऊ. शोध लावणाऱ्याने पदार्थविज्ञानातली छोटी कॅलरी आणि आहारातली मोठी कॅलरी यांची गल्लत केली होती. मोठी कॅलरी म्हणजे छोट्या एक हजार. असा जमाखर्च मांडणाऱ्याला बँकेत नोकरी मिळाली नसती.

आता त्या पर्यायांकडे वळू. इथे माझं खरं भांडण आहे.

पहिली गोष्ट, डब्यावरचं नाव वाचा. नियमाप्रमाणे आईस्क्रीम म्हणवून घ्यायला त्यात निदान दहा टक्के दुधाची चरबी लागते. त्याहून कमी असेल तर मीडियम फॅट, अडीच टक्क्यांपर्यंत असेल तर लो फॅट. दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल किंवा वनस्पती चरबी असेल तर त्याला आईस्क्रीम म्हणता येत नाही, फ्रोझन डेझर्ट लिहावं लागतं. गाडीवर आणि दुकानात आपण सगळ्यालाच आईस्क्रीम म्हणतो. तेलाचं म्हणून ते हलकं, असं कुणी समजू नये. चरबी तेलाची असो वा दुधाची, एका ग्रॅमला नऊच कॅलरी.

लो फॅटचं म्हणाल तर चरबी काढली की चव जाते आणि पोतही जातो. मग ती उणीव भरून काढायला काहीतरी घालावं लागतं, आणि ते पुष्कळदा साखर असतं. एकूण कॅलरीत फरक पडतो, नाही असं नाही, पण "लो" या शब्दाने आपल्याला वाटतो तेवढा पडेलच असं नाही. आणि वाटी मात्र मोठी होते. "अहो, हे लो फॅट आहे" म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेणारे माझ्याच घरात आहेत. नाव सांगत नाही, ते हा लेख वाचणार आहेत.

शुगर-फ्रीचंही तसंच. शुगर-फ्री म्हणजे कॅलरी-फ्री नव्हे. दुधाची स्वतःची साखर त्यात असते, साय असते. गोडीसाठी सुक्रालोजसारखं काही घालतात, किंवा माल्टिटॉलसारखे पदार्थ घालतात. या माल्टिटॉलमध्ये साखरेच्या निम्म्याच्या आसपास कॅलरी असतात, शून्य नाही. आणि ते जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, तसा इशाराही बारीक अक्षरांत छापलेला सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या मे महिन्यात स्पष्ट सांगितलं की वजन ताब्यात ठेवण्याचा उपाय म्हणून सुक्रालोजसारखे गोडवे वापरू नयेत. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना त्यांनी या शिफारशीतून वगळलं होतं, तेव्हा मधुमेहींनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं. पण केवळ वजनासाठी म्हणून शुगर-फ्रीचे डबे आणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की जिभेची गोडाची सवय त्याने सुटत नाही. उलट तिला रोजचा खुराक मिळतो.

माझा भाचा व्यायामशाळेत जातो. तो प्रोटीन पावडर घालून घरी आईस्क्रीम करतो. मी एकदा चाखलं. पौष्टिक असणारच. आजारपणात आई जे देते ते सगळं पौष्टिकच असतं.

केळी गोठवून मिक्सरमधून काढली की छान मऊ आईस्क्रीम होतं, असं आमच्या सूनबाईने करून दाखवलं. चांगलं लागतं. हापूसच्या फोडी फ्रीजरमध्ये तासभर ठेवून खाल्ल्या तर फारच चांगल्या लागतात. आंब्याच्या १०० ग्रॅमला साठच्या आसपास कॅलरी, म्हणजे आईस्क्रीमच्या एक तृतीयांशही नाहीत. उन्हाळ्यात मी हे हौसेने करते. पण त्याला मी गार आंबा म्हणते, आईस्क्रीम म्हणत नाही. गार आंबा म्हणून तो अव्वल आहे. आईस्क्रीम म्हणून खायला घेतला की तो बिचारा नापास होतो आणि वाटी संपल्यावरही मन फ्रीजरकडेच जातं. ज्याची इच्छा झाली आहे ते सोडून भोवतालचं सगळं खायचं आणि शेवटी ते खायचंच, हा प्रकार आपण उपासाला वर्षानुवर्षं करत आलोय. साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, रताळ्याचे काप, दाण्याचे लाडू... आणि म्हणे उपास!

म्हणून माझं म्हणणं, इच्छा आईस्क्रीमची असेल तर आईस्क्रीमच खावं. फक्त किती, केव्हा आणि कसं, एवढं आपण ठरवावं.

किती? वाटीत घेऊन अर्धी वाटी. डब्यातून थेट कधीही खाऊ नये, डब्याला तळ दिसेपर्यंत कळत नाही. तुम्ही स्वतः करून बघा. पहिल्या चार-पाच चमच्यांना जी मजा येते ती दहाव्याला नसते. पंधरावा चमचा आपण खातो कारण तो समोर असतो म्हणून. कॅलरी मात्र पहिल्या चमच्यात आणि पंधराव्यात सारख्याच.

कसं? सावकाश. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. म्हणून तर आईस्क्रीममध्ये एवढी साखर घालावी लागते. खात्री करायची तर वाटीत वितळलेलं आईस्क्रीम पिऊन बघा, किती गोडमिट्ट लागतं! दगडासारखं कडक आईस्क्रीम भराभरा गिळलं तर चव निम्मीच कळते. बाहेर काढून चार-पाच मिनिटं ठेवलं, लहान चमच्याने जिभेवर विरघळू दिलं, तर अर्ध्या वाटीत पूर्ण वाटीचं समाधान मिळतं. आणि त्या वेळी टीव्ही बंद. मालिकेतल्या सासूचा राग येत असताना खाल्लेलं आईस्क्रीम फुकट जातं.

केव्हा? याचं उत्तर द्यायला मला जरा मागे जावं लागेल.

आमच्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, आमच्या गावी घरोघरी फ्रीज नव्हते. आईस्क्रीम घरी व्हायचं ते पॉटमध्ये, आणि पॉट भाड्याने आणायचा. मे महिन्यात आत्या, मावश्या, त्यांची मुलं असे सगळे जमले की एक दिवस ठरायचा. बर्फाच्या कारखान्यातून लादी यायची, गोणपाटात गुंडाळलेली, भुसा चिकटलेली. ती धुऊन फोडायची. लाकडी बादलीत मधोमध दुधाचा डबा, भोवती बर्फाचा एक थर, जाड्या मिठाचा एक थर, पुन्हा बर्फ. मीठ घातलं की बर्फ शून्याच्याही बराच खाली जातो आणि म्हणून दूध गोठतं, हे पुढे शाळेत शिकले. तेव्हा ते आमच्या लेखी जादूच होती. मग हँडल फिरवायचं. सुरुवातीला लहान मुलं, दूध घट्ट व्हायला लागलं की दादा लोक, आणि शेवटी हँडल हलेनासं झालं की काका पंचा कमरेला खोचून पुढे यायचे. बादलीवर पोतं टाकून त्यावर एका मुलाला बसवायचं, बादली हलू नये म्हणून. मिठाचं पाणी डब्यात शिरलं तर सगळ्याची माती, म्हणून आजी झाकणावर नजर ठेवून असायची.

तास-दीड तास घामाघूम झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला किती यायचं? एक वाटी. पंधरा-सोळा माणसं आणि एक डबा! आतली फळी चाटायला मिळावी म्हणून भांडणं व्हायची. आणि हा सोहळा वर्षातून एकदा, फार तर दोनदा.

जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायचं मला सुचवायचं नाही. त्या काळात दुधाचीच ओढाताण होती, आणि आजीला तर स्वतःची वाटी निवांत बसून खाताना मी एकदाही पाहिलं नाही. पण एक गोष्ट खरी. त्या आईस्क्रीमच्या कॅलरी मोजायची कुणाला गरज पडली नाही. माणसांची संख्या मोजत होती, ऋतू मोजत होता, भाड्याचा पॉट मोजत होता. आज हे तिन्ही मोजणारे गेले. आईस्क्रीम बारा महिने फ्रीजरमध्ये असतं आणि घरात माणसं दोन. वर दुकानात एकावर एक मोफत. आमच्या पिढीचा स्वभाव असा की स्वस्तात मिळतं म्हणून मोठा डबा आणायचा आणि मग वाया जाऊ नये म्हणून संपवायचा. पन्नास रुपये वाचवले आणि हजार-दीड हजार कॅलरी घरात आणल्या! पुढे त्या कमी करायला मैदानावर चकरा. माझ्या वजनाच्या बाईला अर्धा तास चालून शंभर-सव्वाशे कॅलरी जाळता येतात. म्हणजे एक छोटा कप.

म्हणून मी मोजणारे परत आणले आहेत. आमच्या घरात आता आईस्क्रीमचा डबा ठेवायचा नाही असा नियम आहे. खायचं तर चालत चौकापर्यंत जायचं आणि छोटा कप तिथेच खायचा. मोठा डबा आणायचा तो माणसं येणार असतील तेव्हाच, आणि त्याच रात्री संपेल एवढाच. उरला तर खालच्या मजल्यावरच्या मुलांना हाक. शिवाय ज्या दिवशी आईस्क्रीम, त्या दिवशी दुसरं गोड नाही. यात काही मोठं तत्त्वज्ञान नाही. पण चहातली साखर बंद करून महिन्यातून चार वेळा आईस्क्रीम, हा सौदा मला फायद्याचा वाटतो.

आता ते कडू मत.

आमच्या ह्यांना मधुमेह होऊन अठरा वर्षं झाली. डॉक्टरांनी त्यांना आईस्क्रीम पूर्ण बंद केलेलं नाही. छोटा कप, कधीतरी, जेवणानंतर, आणि त्या जेवणात भात नाही, असं सांगितलं आहे. हे त्यांच्यापुरतं झालं, प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावं. पण मुलांना हे पटत नाही. फोनवर पहिला प्रश्न तब्येतीचा आणि दुसरा, "आई, बाबांना आईस्क्रीम देत नाहीस ना?" जणू मी तुरुंगाधिकारी आणि हे कैदी. वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, बँकेत आयुष्यभर लोकांचे हिशेब सांभाळलेल्या माणसाला स्वतःच्या अर्ध्या वाटीचा हिशेब जमणार नाही, असं मुलांना का वाटतं? काळजीपोटी बोलतात हे समजतं. पण रोजच्या काळजीचा पहारा कधी होतो ते काळजी करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पहारा आला की चोरी येते. मला माहीत असलेल्या कितीतरी घरांत आजोबा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन गुपचूप खातात. घरी सर्वांसमोर एक कप खाल्ला असता, तिथे भीतीने आणि घाईने दोन खातात.

माझ्या मोठ्या वन्सं, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, पंचवीस वर्षं मधुमेह सांभाळून होत्या. इतकं कडक पथ्य मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. भाकरी मोजून, भात चमच्याने, सणाच्या दिवशी पुरणपोळीचा चतकोर. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या आणि खाणंच सुटलं. वजन उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नको, जे आवडेल आणि जाईल ते द्या. तरी फ्रीजवर चिकटवलेला आहाराचा तक्ता तसाच होता, आणि मुलगा त्याप्रमाणे मोजून बिनसाखरेची पेज देत होता. त्याचा दोष नाही. इतकी वर्षं आईला त्याच तक्त्याने जगवलं, तो हात एका दिवसात कसा थांबणार?

एक दिवस अक्का मला म्हणाल्या, "अगं, आंब्याचं आईस्क्रीम खावंसं वाटतंय." पौष महिना. आंबा कुठला? मी दुकानातून छोटा कप आणला. भाचा दारात उभा राहिला, म्हणाला, "मामी, शुगर वाढेल." मी म्हटलं, "वाढू दे. मोजू या आणि डॉक्टरांना सांगू या." अक्कांनी सहा चमचे खाल्ले, पाव तास लावून. मग म्हणाल्या, "फार गोड आहे गं. आपल्या पॉटचं असं नसायचं." दुसऱ्या दिवशी भाच्याने स्वतः कप आणला. त्यानंतर त्या तीन आठवडे होत्या. रोज एक कप यायचा. कधी चार चमचे जायचे, कधी दोन. पेजेपेक्षा ते जास्तच होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. कॅलरी मोजायला सुरुवात करायचं जसं एक वय असतं, तसं मोजणं थांबवायचंही एक वय असतं. चाळिशीत मोजा, पन्नाशीत नक्की मोजा, साठीतही मोजा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घातलेली मर्यादा लक्षात ठेवा. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, जमलं तर पाच टक्के, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. तरुणांनी तर याची घोकंपट्टी करावी, कारण पुढची तीस-चाळीस वर्षं त्यांना याच शरीरात काढायची आहेत. पण ज्याचं अन्न उतरत चाललंय, ज्याचं वजन वाढण्याऐवजी घटतंय, त्याच्यापुढे तरुणांचा तक्ता धरू नका. अशा माणसाला गार, मऊ, दुधाचं काही गोड लागतंय याचा आनंद माना. मोजायचंच असेल तर चमचे मोजा, आणि कालच्यापेक्षा एक जास्त गेला तर घरात सांगा.

शेवटी एक शब्दाबद्दल, कारण शब्द हा माझा धंदा. हल्लीची मुलं गोड खायच्या दिवसाला "चीट डे" म्हणतात. चीट म्हणजे फसवणूक. कुणाची? स्वतःच्याच पैशाने, स्वतःच्याच तोंडाने, उजळ माथ्याने खाल्लेल्या पदार्थात फसवणूक कुठून आली? खाण्याला फसवणूक म्हटलं की माणूस ते लपवतो, लपवलं की मोजत नाही, आणि मोजलं नाही की वाढतं. आपल्याकडे त्या दिवसासाठी साधा शब्द आहे, गोडाचा दिवस. त्यात गोड आहे आणि दिवसही आहे. तो रोज येत नाही, हे त्या नावातच आलं.

असो. आमच्याकडे या महिन्याचा गोडाचा दिवस येत्या रविवारी आहे. सीताफळाचं आईस्क्रीम आणायचं ठरलंय, पाच जणांत अर्धा लिटर. मुलांना कळवून ठेवते, म्हणजे फोनवर तो दुसरा प्रश्न विचारायची गरज पडणार नाही. होय, बाबांना देणार आहे. अर्धी वाटी. भात नाही.